बी-स्कूलचा नकार आल्यानंतरचे दहा महिने: अर्ज नेमका कुठे बदलतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं झाली, आता पाच जणांची टीम हाताखाली आहे. पदवीचे गुण बेताचे, दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले होते. जीमॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेत ६४५. गेल्या हंगामात दुसऱ्या राउंडमध्ये (अर्ज घेण्याच्या दुसऱ्या फेरीत) चार नामांकित बिझनेस स्कूलना, म्हणजे इथे ज्यांना शाळा म्हणतो त्यांना, एमबीएसाठी अर्ज केले. तिघांनी मुलाखतीलाही बोलावलं नाही, चौथीने बोलावून नकार दिला. पुढच्या सप्टेंबरच्या पहिल्या राउंडला दहा महिने आहेत. जीमॅट पुन्हा द्यावी, एखादं सर्टिफिकेट करावं, की सामाजिक संस्थेत काम सुरू करावं?

तुमच्या तिन्ही पर्यायांत एक साम्य आहे. तिन्ही कामं ऑफिस सुटल्यावर, कुणाशी अवघड बोलणं न करता उरकता येतात. म्हणूनच ती आधी सुचतात. गेली चौदा वर्षं मी अर्जदारांबरोबर काम करतोय. नकाराचं पत्र घेऊन येणाऱ्या बहुतेकांची यादी अशीच असते, आणि बहुतेकांचं घोडं अडलेलं असतं ते ऑफिसात. जीमॅट तुम्हाला द्यावी लागेलच, त्याबद्दल पुढे बोलतो. पण ती दुसऱ्या नंबरची गोष्ट आहे.

सल्लागार होण्याआधी दोन हंगाम मी एका शाळेसाठी अर्ज वाचायचो. एका फाइलला वीसेक मिनिटं मिळायची. आधी रेझ्युमे, मग गुणपत्रक आणि स्कोअर, मग शिफारसपत्रं, शेवटी निबंध. (निबंध शेवटी ही माझी सवय. शेजारी बसणारी सहकारी निबंधापासूनच सुरुवात करायची आणि यावरून आमचं कधी पटलं नाही.) वाचून झालं की पाच-सहा ओळींचं टिपण लिहायचं. समितीच्या बैठकीत चर्चा व्हायची ती त्या टिपणावर. तिथे मला एक वाक्य पूर्ण करावं लागायचं: ‘या व्यक्तीला घेऊ या, कारण...’ त्या ‘कारण’च्या पुढे ‘हुशार आहे, मेहनती आहे’ एवढंच असलं की पलीकडून कुणीतरी म्हणायचं, ‘बरं, पुढची फाइल.’ हुशार आणि मेहनती तर ढिगातले सगळेच असतात.

तेव्हा अर्ज मजबूत करायचा म्हणजे त्या अनोळखी वाचकाला तुमच्या बाजूने भांडता येईल एवढा ऐवज त्याच्या हातात द्यायचा. तुमच्या गेल्या वर्षीच्या फाइलवर मी बहुधा असं लिहिलं असतं: ‘चार वर्षं सॉफ्टवेअर, प्रगती स्थिर, स्कोअर ठीक, गुणपत्रक कमजोर, पुढे प्रॉडक्ट मॅनेजमेंट करायचं आहे.’ यात वाईट काही नाही. पण भांडायला काही नाही.

नकार नीट वाचा, त्यातून बरंच कळतं. मुलाखतच आली नाही तर कागदावरची फाइल कमी पडली: स्कोअर, गुण, कामाचा ठसा, निबंध किंवा शिफारसपत्र यांतलं काहीतरी. मुलाखत देऊन नकार आला तर कागद चालला होता, माणूस पटला नाही, किंवा तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाचं पारडं किंचित जड झालं. तुमच्या बाबतीत तीन विरुद्ध एक असा हिशेब आहे, म्हणजे आधी कागद. पण त्या एका मुलाखतीत काय बोललात ते आठवेल तसं आजच लिहून काढा. सहा महिन्यांनी तुम्हाला त्या मुलाखतीची सोयीची आवृत्तीच आठवेल.

दुसऱ्या राउंडमध्ये अर्ज केला म्हणून नकार आला, असं मात्र समजू नका. पहिल्या आणि दुसऱ्या राउंडमधला फरक लोक उगाच फुगवून सांगतात. तिसऱ्या राउंडला जागा खरोखरच थोड्या उरतात, आणि हार्वर्डने तर नेहमीच्या अर्जदारांसाठी दोनच राउंड ठेवले आहेत. सप्टेंबरमध्ये कच्चा अर्ज पाठवण्यापेक्षा जानेवारीत पक्का पाठवलेला बरा.

आता जीमॅट. २०२४ च्या फेब्रुवारीपासून नवी आवृत्तीच उरली आहे: तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न, स्कोअर २०५ ते ८०५. जुन्या पट्टीवरचे ७०० नव्या पट्टीवर साधारण ६४५ ला येतात. सर्वाधिक चुरशीच्या शाळांची सरासरी जुन्या पट्टीवर ७३० ते ७४० च्या घरात राहिली आहे, म्हणजे नव्यावर ६८५ च्या आसपास किंवा थोडी वर. गुणपत्रक भक्कम असतं तर ६४५ वर थांबा आणि बाकीच्या कामाला लागा, असं मी कदाचित म्हटलं असतं. पण तुमचे बेताचे गुण आणि सरासरीखालचा स्कोअर दोन्ही मिळून वाचकाच्या मनात एकच शंका उभी करतात: पहिल्या सत्रात अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स आणि फायनान्स एकदम अंगावर आले तर हा टिकेल का? शंका एकाच बाजूने आली तर वाचक दुसऱ्या पुराव्याने ती मिटवतो. दोन्ही बाजूंनी आली की त्याच्याकडे काही उरत नाही.

तर तीन महिने द्या, जास्त नाही. दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर लागतं आणि बारा महिन्यांत पाच वेळा बसता येतं, पण पाचही वेळा बसणाऱ्यांचा स्कोअर शेवटी फार हलत नाही असं मी पाहिलं आहे. इंजिनिअर मंडळी गणिताचा विभाग घासत बसतात आणि डेटा इनसाइट्सला (तक्ते, आलेख आणि आकडेवारी वाचण्याच्या विभागाला) सावत्र वागणूक देतात. एकूण स्कोअरमध्ये तिन्ही विभागांचं वजन सारखंच आहे, आणि अनेकांचे सहज मिळण्यासारखे गुण तिथेच सांडतात. तीन महिन्यांनी सराव परीक्षेत ६७५ दिसत नसेल तर जीआरई या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेचा एक पूर्ण सराव पेपर सोडवून पाहा. काहींना ती परीक्षा जास्त मानवते, आणि बहुतेक शाळांना दोन्ही चालतात.

सर्टिफिकेटबद्दल. ‘लीडरशिप’ किंवा ‘स्ट्रॅटेजी’ असं नाव असलेलं आठवड्याभराचं सर्टिफिकेट रेझ्युमेवर पाहिलं की मी पुढच्या ओळीवर जायचो. वर सांगितलेल्या शंकेवर उतारा म्हणून एखादा गुणांकन असलेला संख्याविषयक कोर्स मात्र उपयोगी पडतो. हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइनचा ‘कोर’ हा बिझनेस ॲनालिटिक्स, अर्थशास्त्र आणि अकाउंटिंग असा एकत्र कोर्स आहे. कुठल्या विद्यापीठाचा स्टॅटिस्टिक्सचा किंवा कॅल्क्युलसचा श्रेणी देणारा कोर्सही चालेल. एकच करा, चांगल्या श्रेणीत करा. आणि राहिलेल्या दोन विषयांबद्दल ऐच्छिक निबंधात चार ओळी लिहा: काय झालं, का झालं, त्यानंतर काय बदललं, पुरावा काय. पाचवी ओळ लिहिलीत की ती सफाई वाटायला लागते. कारण सांगण्यासारखं नसेल, तेव्हा अभ्यासच केला नसेल, तर तसं सरळ लिहा. वाचकाने तीही वयं पाहिलेली असतात.

आता मूळ दुखण्याकडे येतो, म्हणजे कामाकडे.

‘पाच जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, प्रकल्प वेळेत पूर्ण केला’ अशी ओळ तुमच्या रेझ्युमेवर असणार. मी न बघताच सांगतो, कारण ती सगळ्यांच्या असते. ही ओळ तुमच्या पदाबद्दल सांगते. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी ती तशीच लिहिता आली असती. रेझ्युमेच्या प्रत्येक ओळीला हाच प्रश्न विचारा: या खुर्चीत दुसरं कुणी बसलं असतं तर हे घडलं असतं का? ‘हो’ असेल तर ती ओळ कामाचं वर्णन आहे. ‘नाही’ असेल तर ती तुमची.

एक उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. एक अर्जदार बाई पेमेंटच्या सॉफ्टवेअरची टेस्टिंग करायच्या. पद साधं, पगार साधा, हाताखाली कुणी नाही. प्रत्येक रिलीजनंतर तक्रारी यायच्या आणि टेस्टिंगवर खापर फुटायचं. त्यांनी दोन आठवडे स्वतःहून सपोर्टच्या लोकांशेजारी बसून आलेल्या तक्रारी वहीत उतरवल्या. निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच स्क्रीनबद्दल होत्या, आणि त्या स्क्रीनमध्ये बिघाड नव्हताच. लोकांना ती कळत नव्हती. डिझाइनच्या प्रमुखाने ऐकून घ्यायलाही नकार दिला. मग त्यांनी त्याला एक तास सपोर्टच्या फोनवर बसवलं. पुढच्या रिलीजमध्ये स्क्रीन बदलली.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा हे सगळं रेझ्युमेवर ‘टेस्टिंग प्रक्रियेत सुधारणा केली’ अशा चार शब्दांत गाडलेलं होतं. सगळ्यांत मोठी गोष्ट तक्रारी कमी झाल्या ही नव्हतीच. अधिकार नसताना या बाईंनी वरच्या माणसाला जागचं हलवलं, ही होती. समितीत हे एका वाक्यात सांगता येतं, आणि वाचकालाही ते दुसऱ्या दिवशी आठवतं.

शाळांना नेमकं हेच पाहायचं असतं. एमआयटी स्लोन तर अर्जदाराकडून त्याच्या विभागाचा ऑर्ग चार्टच (कोण कुणाच्या हाताखाली ते दाखवणारा तक्ता) मागते, त्यात तुम्ही कुठे आहात आणि शिफारस देणारा कुठे आहे ते दाखवायचं. तो तक्ता समोर ठेवून रेझ्युमे वाचला की कळतं, हा माणूस आपल्या चौकटीतच राहिला की चौकटीबाहेरच्यांनाही याचं ऐकावंसं वाटलं. अर्ज कुठेही करा, पण तुमचा तसा तक्ता एकदा कागदावर काढा. मग तुमच्या चौकटीतून बाहेर जाणाऱ्या रेघा मोजा: दुसऱ्या विभागातलं कोण तुमच्या कामामुळे वेगळं वागलं? रेघा निघत नसतील तर दहा महिन्यांचं काम तुम्हाला सापडलं.

तुमच्या विभागात आणि शेजारच्या विभागात मिळून एखादं भांडण वर्षानुवर्षं चालू असेल. विक्रीवाले वचन देतात, तुम्ही ते निभावता, आणि मध्ये कुणाचंच लक्ष नसतं, अशा जातीचं. ते मागून घ्या. सहा महिन्यांत सुटलं तर उत्तम. अर्धवट सुटलं आणि का अडलं ते तुम्हाला प्रामाणिकपणे सांगता आलं, तरी निबंधाला आणि मुलाखतीला ते पुरतं. दुसरं, तुमच्या हाताखालच्या पाचांपैकी एकाला वर काढा. टीमचा आकडा पाच की पंधरा याने वाचकाला फरक पडत नाही. ‘याच्या हाताखालचा माणूस आज स्वतः टीम चालवतो’ याने पडतो.

आणि एक नका करू: केवळ अर्जासाठी आत्ता नोकरी बदलू नका. नव्या ठिकाणी सप्टेंबरपर्यंत सांगण्यासारखं काही उभं राहत नाही, आणि नवा बॉस तुम्हाला ओळखत नसतो.

बॉसचा विषय निघालाच आहे तर शिफारसपत्रांवर येतो. इथे मी मुद्दाम जास्त वेळ घेणार आहे, कारण अर्जदार इथे सगळ्यांत कमी वेळ देतात.

बऱ्याच शाळा एकच सामायिक शिफारस फॉर्म वापरतात आणि त्यात मुख्य प्रश्न दोन असतात. पहिला: अशाच भूमिकेतल्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत या अर्जदाराची कामगिरी कशी आहे, उदाहरणं द्या. दुसरा: तुम्ही अर्जदाराला दिलेला सर्वांत महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, प्रसंग काय होता, आणि त्याने तो कसा घेतला. पहिल्यावर बहुतेक बॉस चांगलं लिहितात. पत्र पडतं ते दुसऱ्यावर. ‘तो स्वतःवर फार काम ओढवून घेतो, थोडी विश्रांती घ्यावी असं मी त्याला सांगितलं.’ अशी वाक्यं मी इतक्यांदा वाचली आहेत की बॉस एकमेकांकडून उतरवून घेतात की काय अशी शंका यायची. त्याचा अर्थ वाचकाला कळतो: एक तर बॉस अर्जदाराला ओळखत नाही, किंवा या माणसाला खरं सांगण्याची कुणाची हिंमत होत नाही.

हा दुसरा प्रश्न तुम्हाला दहा महिने आधी माहीत आहे. मग त्याचं उत्तर आत्तापासून घडवा. बॉसची वेळ मागा आणि विचारा: पुढच्या पायरीवर जायला माझ्यात काय कमी आहे? पहिल्या दमात गुळगुळीत उत्तर मिळेल. ते ऐकून घ्या आणि पुन्हा विचारा: शेवटचं कधी तुम्हाला वाटलं की हे काम याच्याऐवजी दुसऱ्याला द्यायला हवं होतं? आता खरं बाहेर येईल. कदाचित बैठकीत तुम्ही लोकांना बोलू देत नाही. कदाचित वाईट बातमी उशिरा सांगता. ते मनाला लागेल, पण वाद घालू नका. त्यातली एक गोष्ट निवडा, बदला, आणि दोन महिन्यांनी परत जाऊन विचारा, फरक दिसतो का? ऑगस्टमध्ये पत्र लिहायला बसेल तेव्हा बॉसकडे प्रसंग, सल्ला आणि परिणाम तिन्ही असतील, आणि त्यातलं काही तुम्ही त्याच्या तोंडी घातलेलं नसेल. शिवाय तुम्ही खरोखर थोडे बरे मॅनेजर झालेले असाल, हे वेगळंच.

पत्र कुणाकडून घ्यायचं? तुमचं काम रोज पाहणाऱ्याकडून. स्टॅनफर्ड एक पत्र सध्याच्या थेट वरिष्ठाचंच मागते, आणि बाकीच्या शाळांनाही तेच आवडतं. कंपनीच्या संस्थापकाशी लिफ्टमध्ये दोनदा बोलणं झालं म्हणून त्याचं पत्र आणू नका. मोठ्या नावाखालचं पोकळ पत्र नाव जितकं मोठं तितकं जास्त वाजतं. बॉसला आत्ता सांगणं नोकरीला धोक्याचं असेल, तर आधीचा वरिष्ठ, बरोबर काम केलेला क्लायंट किंवा दुसऱ्या विभागाचा प्रमुख चालतो. थेट वरिष्ठ का नाही ते अर्जात एका ओळीत लिहा, कुणी वाईट मानत नाही.

बॉस म्हणेल, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ नको. नियमांत बसत नाही हे तर झालंच. शिवाय एकाच हाताची दोन पत्रं आणि दोन निबंध शेजारी ठेवले की लपत नाही. तेच लाडके शब्द, तीच वाक्याची चाल. त्याऐवजी एक पानभर मुद्दे द्या: कुठले प्रकल्प, कुठले प्रसंग, तारखा, आकडे. आणि कामाला लावण्याआधी थेट विचारा, ‘तुम्हाला मनापासून लिहावंसं वाटेल का?’ क्षणभर जरी अडखळला तरी दुसरा माणूस शोधा.

पुढचं ध्येय. ‘प्रॉडक्ट मॅनेजमेंट’ हे ध्येय वाईट नाही, पण तुम्ही ते का निवडलं याचं उत्तर ‘इंजिनिअरांना पुढे तेच असतं’ असं वाटता कामा नये. शाळा याकडे जरा रोखठोक नजरेने पाहते, आणि त्यामागे कारण आहे. क्रमवारीत शाळांना तिथून बाहेर पडलेल्यांच्या नोकऱ्यांवर आणि पगारांवर जोखलं जातं. फायनान्शियल टाइम्सची यादी पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांना पगार विचारते. म्हणून वाचकाच्या मनात एक सरळ हिशेब असतो: या माणसाला हवी ती नोकरी देणारे आमच्याकडे येतात का, आणि आले तर याला घेतील का? त्या पदावर आज असलेल्या सात-आठ जणांशी बोला. त्यांचा दिवस कसा जातो, त्यांना माणसं निवडताना काय खटकतं, ते विचारा. मग तुमच्या ध्येयाच्या परिच्छेदात अशी एखादी गोष्ट येईल जी वेबसाइट वाचून लिहिता येत नाही. लांबच्या ध्येयात थोडी महत्त्वाकांक्षा चालते. जवळचं ध्येय मात्र उद्या नोकरीची जाहिरात दाखवता येईल इतकं ठोस हवं.

निबंधांबद्दल एक चूक कबूल करतो. या कामाच्या सुरुवातीला एका मुलाचा निबंध मी सोळा वेळा तासला. शेवटी एकही वाक्य अडखळत नव्हतं. त्याला सगळीकडून नकार आला. पुढच्या वर्षी त्याने दुसऱ्या शाळांना पहिला कच्चा मसुदा थोडा आवरून पाठवला आणि दोन ठिकाणी प्रवेश मिळवला. स्कोअर तोच, नोकरी तीच. मी तासून तासून त्याचा आवाजच काढून टाकला होता. तेव्हापासून मी अर्जदाराला आधी लिहूच देत नाही. मित्राला प्रसंग सांगतोस तसा फोनवर रेकॉर्ड कर, म्हणतो. मग ते ऐकून उतरवायचं. पहिल्या उतरवणीत नको ते फाटे असतात, पण माणूस असतो.

शाळा काय विचारतात ते पाहा. स्टॅनफर्ड अनेक वर्षं एकच विचारत आली आहे: तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का? हार्वर्डने २०२४ मध्ये आपला एक मोकळा लांब निबंध काढून तीन छोटे प्रश्न आणले: व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टी, इतरांमध्ये गुंतवणूक, आणि जिज्ञासेतून झालेली वाढ. तिन्ही मिळून ८०० शब्द. एवढ्यात सजावटीला जागा नसते. ‘का’ या शब्दावर अर्जदार सगळ्यांत कमी खर्च करतात. ‘मला प्रामाणिकपणा महत्त्वाचा वाटतो’ यापुढे वाचकाला तुमच्याकडून एक प्रसंग हवा असतो, ज्यात प्रामाणिकपणा तुम्हाला महाग पडला.

आणि दुसऱ्यांचे यशस्वी निबंध वाचून त्यातलं काही उचलू नका. २०१२ मध्ये युसीएलए अँडरसन या शाळेने निबंधात उचलेगिरी सापडली म्हणून पन्नासाहून अधिक अर्ज बाद केले होते, आणि तेव्हापासून तपासणीची साधनं फक्त धारदार झाली आहेत. चॅटबॉटकडून निबंध लिहून घेतला तर पकडले जाल की नाही हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो निबंध बाकीच्या ढिगासारखाच होतो, आणि तुमची मूळ अडचण तीच आहे.

सामाजिक कामाचं काय? आवड असेल तर करा, पण सप्टेंबरच्या अर्जासाठी मार्चमध्ये सुरू झालेली सेवा वाचकाला तारखेवरून कळते. आधीपासून काहीतरी करतच असाल, मग ते ट्रेकिंग ग्रुप चालवणं असो की धाकट्या सहकाऱ्यांना शिकवणं, तेच थोडं वाढवा.

चारच नामांकित शाळांना अर्ज म्हणजे लॉटरी काढल्यासारखं झालं. सहा-सात करा: दोन आवाक्याबाहेरच्या, तीन बरोबरीच्या, एक-दोन जिथे तुमचा स्कोअर सरासरीच्या वर आहे आणि जिथे तुम्ही खरोखर जाल. वर्षभराच्या अभ्यासक्रमांचाही विचार करा. इन्सीडचा एमबीए दहा महिन्यांचा आहे आणि तिथे साधारण पाच-सहा वर्षांचा अनुभव असलेले लोक येतात, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही त्यांच्यात चपखल बसाल.

मुलाखतीची तयारी प्रत्येक शाळेगणिक वेगळी असते, हे गेल्या वेळी तुमच्या लक्षात आलं नसावं. हार्वर्डला समोरचा माणूस तुमची सगळी फाइल वाचून आलेला असतो आणि तीस मिनिटं त्यातच खोदतो. काही शाळांत मुलाखत घेणाऱ्याकडे फक्त रेझ्युमे असतो, तिथे गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. व्हार्टन पाच-सहा जणांना एका विषयावर एकत्र बसवते. तिथे सगळ्यांत जास्त बोलणारा जिंकत नाही, गप्प बसलेल्याचं म्हणणं पुढे आणणारा लक्षात राहतो. स्लोन ‘अमुक वेळी तुम्ही काय केलंत, काय बोललात, काय वाटलं’ असं पायरीपायरीने विचारते, आणि प्रसंग रचलेला असेल तर तिसऱ्या पायरीला माणूस घसरतो. केलॉग, येल, इन्सीड यांच्याकडे व्हिडिओ प्रश्न असतात: विचाराला थोडे सेकंद, उत्तराला मिनिटभर. फोन समोर ठेवून वीस प्रश्नांचा सराव केला की भीती मोडते. त्याहून जास्त सराव केलात तर पाठांतर वाटायला लागतं.

ज्या शाळेने गेल्या वर्षी नकार दिला तिथे पुन्हा अर्ज करणार असाल तर बऱ्याच ठिकाणी वेगळा छोटा निबंध मागतात: मधल्या काळात काय बदललं? जुनी फाइल त्यांच्याकडे असते आणि ती उघडली जाते. ‘मी आता अधिक परिपक्व झालो आहे’ हे उत्तर नव्हे. नवा स्कोअर, कोर्सची श्रेणी, सुटलेलं एक भांडण, वर गेलेला एक कनिष्ठ, हे उत्तर. ध्येय बदललं असेल तर का बदललं तेही सांगा, नाहीतर दोन वर्षांच्या दोन फाइली एकमेकींशी भांडतात.

क्रम असा लावा. जीमॅट आणि कोर्स मार्चपर्यंत संपवा, म्हणजे उन्हाळा निबंधांना मोकळा राहील. तुम्हाला हव्या त्या पदावरच्या लोकांशी बोलणं एप्रिल-मे. शिफारस देणाऱ्यांना जूनमध्ये सांगा, ऑगस्टमध्ये नव्हे. निबंधांचं रेकॉर्डिंग जुलै. शेजारच्या विभागाबरोबरचं ते भांडण मात्र आत्ताच हातात घ्यावं लागेल, कारण त्याला सहा महिने लागतात आणि ते तुमच्या वेळापत्रकाने चालत नाही. म्हणून बॉसकडे या आठवड्यातच अर्धा तास मागा. एमबीएचा विषय काढायची अजून गरज नाही. फक्त विचारा, माझ्यात काय कमी आहे, आणि वही उघडी ठेवा.